कुस्तीच्या मैदानाला पहिल्यांदा जाताना

नोकरीनिमित्त सातारा-सांगलीत आलेल्या परप्रांतीयाने यात्रेतले कुस्ती मैदान पाहायलाच हवे. पलूस तालुक्यातले कुंडलचे मैदान विशेष नावाजलेले. तांबड्या मातीच्या हौद्याभोवती जमिनीवरच बसायचे. लहान पोरांच्या कुस्त्यांपासून सुरुवात होते, हलगीचा ताल चढत जातो, मोठ्या इनामाची जोड शेवटी लागते. पाठ मातीला लागली की चितपट. निकाल समजायला भाषा लागत नाही.

महाराष्ट्र केसरी या राज्यस्तरीय कुस्ती स्पर्धेत मात्र गुण मोजले जातात. २०२२ ची स्पर्धा साताऱ्यात झाली, विजेतेपदाची गदा कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलने नेली. २०२३ मध्ये सांगलीत महिलांची पहिली स्पर्धा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने जिंकली.

कराडजवळचे गोळेश्वर हे १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमधील कांस्यपदकविजेते खाशाबा जाधव यांचे गाव. तिथेही आवर्जून जा.