अमेरिकेतील तिसरा उमेदवार

१९९२ साली रॉस पेरो या टेक्सासमधील धनाढ्य उद्योगपतीने अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक अपक्ष म्हणून लढविली, तेव्हा सुमारे दोन कोटी, म्हणजे शेकडा १९ मतदारांनी त्यांच्या पारड्यात मते टाकली. अध्यक्षाची निवड करणाऱ्या ५३८ निर्वाचकांपैकी मात्र एकही त्यांच्या वाट्याला आला नाही. उलट १९६८ साली अलाबामाच्या जॉर्ज वॉलेस यांनी शेकडा साडेतेरा मतांवरच पाच राज्ये जिंकली आणि ४६ निर्वाचकांची मते मिळविली. वर्णद्वेषावर पोसलेली त्यांची मते दक्षिणेत एकवटली होती. ४८ राज्यांत सर्वाधिक मते मिळविणारा उमेदवार त्या राज्याचे सारे निर्वाचक घेऊन जातो. त्यामुळे देशभर विखुरलेल्या असंतोषाला तेथे मोल नाही.

मतमोजणीची हीच रीत आपणही स्वीकारली. तरी आपल्याकडे लहान पक्ष तगतात. आघाडीच्या राजकारणात पंधरा-वीस खासदारांनाही वजन असते. अध्यक्षपद असे वाटून घेता येत नाही!

मग हे पक्ष निरर्थक म्हणावयाचे काय? १८९२ साली पश्चिमेतील कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या पॉप्युलिस्ट पक्षाने ओमाहा येथे अधिवेशन भरविले. उत्पन्नानुसार चढता प्राप्तिकर आणि सेनेटची थेट जनतेकडून निवडणूक या त्यांच्या मागण्या तेव्हा माथेफिरूपणाच्या वाटल्या. त्यांचे उमेदवार जेम्स वीव्हर यांना दहा लाखांवर मते व २२ निर्वाचक मिळाले. १८९६ साली डेमोक्रॅटिक पक्षाचे ब्रायन यांनाच त्यांनी आपला उमेदवार मानले आणि तेथून पक्षाची शक्ती ओसरली. परंतु १९१३ साली या दोन्ही मागण्या घटनादुरुस्तीने मान्य झाल्या. पक्ष संपला, त्याचा कार्यक्रम मात्र प्रतिस्पर्ध्यांनी पार पाडला. पेरो यांनी अंदाजपत्रकी तुटीचा धोशा लावला होता. १९९८ साली अंदाजपत्रक शिलकी झाले, त्याचे सारे श्रेय त्यांना देणे अतिशयोक्तीचे ठरेल, पण तो प्रश्न टाळणे त्यांनी दोन्ही पक्षांना अवघड केले हे खरे.

२००० साली फ्लॉरिडात राल्फ नेडर यांना ९७ हजारांवर मते पडली आणि बुश तेथे अवघ्या ५३७ मतांनी जिंकले. तेव्हापासून गोर यांच्या पराभवाचे खापर नेडर यांच्या माथी फोडले जाते. ही मते जणू गोर यांची वडिलोपार्जित इस्टेटच होती! तथापि पर्यावरणासाठी नेडर यांना मत देणाऱ्याच्या पदरी त्याला सर्वांत नको असलेला अध्यक्ष पडावा, हा पेच खोटा नव्हे.

मेन राज्याने त्यावर उपाय शोधला. तेथे मतदार उमेदवारांना पसंतिक्रम देतात. २०१८ साली तेथील एका मतदारसंघात पहिल्या मोजणीत मागे पडलेले जेरेड गोल्डन, दोन अपक्षांच्या मतदारांची पुढची पसंती मोजल्यावर काँग्रेसवर निवडून आले. पराभूत रिपब्लिकन सदस्याने न्यायालयात धाव घेतली. न्यायाधीशांनी त्याचा दावा फेटाळून लावला.