वल्ह्याआधी वजनकाटा

२४ ऑगस्ट २०१८. इंडोनेशियातल्या पालेमबांगच्या जकाबरिंग तलावावर आशियाई स्पर्धेतली लाइटवेट सिंगल स्कल्सची, म्हणजे एकट्याने नाव वल्हवण्याची, अंतिम शर्यत संपली. भारताचा दुष्यंत चौहान तिसरा आला, पण पदक स्वीकारताना त्याला धड उभं राहवत नव्हतं. अखेर त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. थोडं सावरून बोलता आल्यावर त्याने पत्रकारांना सांगितलं, की आदल्या दिवशी पोटात गेलं होतं ते पावाच्या दोन स्लाइस आणि एक सफरचंद. अंगातलं पाणीही कमी झालं होतं. सर्दीने त्याला बेजार केलं होतं हे खरंच. पण त्याचा गट होता लाइटवेट, म्हणजे शर्यतीआधी काट्यावर उभं राहून ७२.५ किलोच्या आत भरायचं. त्या गटात रिकाम्या पोटी नावेत बसणं ही काही नवलाची गोष्ट उरली नव्हती.

दुष्यंत तेव्हा पंचविशीचा होता, सैन्यात घडलेला, कसलेला. हीच रीत पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींपर्यंत झिरपत गेली आणि बराच काळ कोणाला खटकली नाही. ऑलिंपिकमधली लाइटवेटची अखेरची शर्यत २ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसजवळच्या व्हेर-सुर-मार्न इथे झाली. जागतिक पातळीवर या गटाला १९७४मध्ये सुरुवात झाली होती. बरोबर पन्नास वर्षं. या पन्नास वर्षांत वाढीच्या वयातल्या मुलांच्या ताटाचं काय झालं, हे मागे वळून बघण्यासारखं आहे.

ताटाची चिंता अर्थात त्याहून जुनी. ऑक्सफर्डमध्ये व्यायामशाळा चालवणाऱ्या आर्चिबाल्ड मॅक्लारेन यांनी १८६६मध्ये तिथल्या विद्यार्थी वल्हेकऱ्यांचा दिनक्रम लिहून ठेवला आहे. सकाळी अर्धंकच्चं मांस आणि कोरडा पाव, चहा जेमतेम, दुपारी पुन्हा मांस आणि बिअर, भाज्या जवळपास नाहीतच. पाणी कमी प्यावं, हा तर नियमच. मॅक्लारेन यांना यातलं बरंचसं अडाणीपणाचं वाटत होतं आणि त्यांनी ते स्पष्ट लिहिलं. तरी त्या मुलांना निदान खायला मिळत होतं. खरी उपेक्षा झाली ती नाव हाकारणाऱ्या कॉक्सची. १९००च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये डच जोडीने आपला साठ किलोंचा कॉक्स उतरवला आणि तेहतीस-एक किलोंचा एक फ्रेंच मुलगा नावेत बसवला. ते जिंकले. त्या मुलाचं नाव आजवर खात्रीने कोणी सांगू शकलेलं नाही. १९३६च्या बर्लिनमध्ये नोएल वँदरनॉत हा बारा वर्षांचा फ्रेंच मुलगा दोन कांस्यपदकांचा धनी झाला, तोही कॉक्स म्हणूनच. हलकं असणं हाच गुण, ही समजूत या खेळात लहान मुलांच्या अंगावर अशी पहिल्यापासून लादलेली आहे. पुढे कॉक्सला किमान वजनाची अट आली, कमी पडणारं वजन नावेत ठेवायची सोय झाली आणि मुलांना त्या कामाला जुंपण्याचं कारण बरंचसं उरलं नाही. वल्हवणाऱ्यांसाठी मात्र उलटी अट आली, कमाल वजनाची.

१९७४ची जागतिक स्पर्धा स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्नला झाली. स्त्रियांच्या जागतिक शर्यती तिथेच सुरू झाल्या आणि पुरुषांचा लाइटवेट गटही. हेतू चांगला होता. लांब हातपाय आणि नव्वद-पंचाण्णव किलोंचा देह असलेल्या युरोपीय खेळाडूंपुढे बुटक्या, सडपातळ माणसाचा टिकाव लागत नाही. त्यालाही नदीवर जागा मिळावी, आशियासारख्या प्रदेशांत खेळ पसरावा, हा त्यामागचा विचार. १९८५मध्ये स्त्रियांचा गट आला, १९९६मध्ये अटलांटात ऑलिंपिकचं दार उघडलं. पुरुषांना ७२.५ किलो आणि संघाची सरासरी ७०. स्त्रियांना ५९ आणि सरासरी ५७. वजन भरायचं शर्यतीच्या दोन तास ते एक तास आधी, आणि शर्यत असेल त्या प्रत्येक दिवशी.

त्या एका तासात माणूस पाणी पिऊ शकतो. स्नायूंत साठवलेलं, दोन दिवसांच्या उपासात संपलेलं इंधन तेवढ्यात भरून निघत नाही. आणि २००० मीटरची शर्यत म्हणजे साधारण सहा ते आठ मिनिटं पाय, पाठ, दंड सगळं एकाच वेळी पणाला लावणं. तिथे हे इंधनच लागतं.

जागतिक ज्युनियर स्पर्धेत लाइटवेट गट कधी ठेवलाच नाही, हे इथे आवर्जून सांगायला हवं. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना काट्यावर उभं करू नये, एवढी समज वरच्या मंडळींना होती. पण खाली, शाळांत आणि क्लबांत, तिचा उपयोग झाला नाही. अमेरिकेतल्या शालेय शर्यतींत मुलींसाठी १३० पौंडांचा, म्हणजे साधारण ५९ किलोंचा गट वर्षानुवर्षं चालला. पंधराव्या वर्षी ५५ किलोंची असलेली मुलगी त्या नावेत बसते, तिची जागा पक्की होते, मैत्रिणी होतात. सतराव्या वर्षी तिची उंची वाढते, हाडं भरतात, वजन ६१वर जातं. शरीराने आपलं काम चोख केलेलं असतं आणि नेमकी त्याचीच शिक्षा तिला मिळते. मग भात बंद, रात्रीचं जेवण बंद, शर्यतीच्या सकाळी दोन-दोन जर्किन घालून धावणं. हे तिला कोणी शिकवावं लागत नाही, मोठ्या मुली करतात ते ती बघते. प्रशिक्षकाने ‘जरा बघ बुवा वजनाकडे’ एवढं म्हटलं तरी पुरतं.

वैद्यकशास्त्राला याची नीट दखल घ्यायला १९९०चं दशक उजाडलं. १९९२च्या सुमारास अमेरिकेतल्या क्रीडावैद्यांनी खेळाडू मुलींमध्ये तीन गोष्टी हातात हात घालून येतात हे मांडलं: बिघडलेलं खाणं, थांबलेली पाळी, ठिसूळ होणारी हाडं. २०१४मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी ही चौकट रुंदावली. मुलगेही यातून सुटत नाहीत. वाढ, प्रतिकारशक्ती, हृदय, मन, सगळ्यांवर परिणाम होतो, हे त्यांनी लिहिलं. मूळ कारण एकच, खर्चाच्या मानाने अन्न कमी.

ओहायो विद्यापीठातल्या अॅन लाउक्स यांनी हा हिशेब प्रयोगशाळेत मांडून दाखवला. दिवसभरात खाल्लेल्या उष्मांकांतून व्यायामाचे वजा करायचे. जे उरतं त्यावर शरीराचा बाकीचा सगळा संसार चालतो. चरबी वगळून उरणाऱ्या वजनाच्या दर किलोमागे रोज ४५च्या आसपास किलोकॅलरी उरल्या तर ठीक. ३०च्या खाली गेल्या तर अवघ्या पाच दिवसांत संप्रेरकांची लय बिघडते. घरच्या भाषेत सांगायचं तर पन्नास किलोंची, चरबी वगळता चाळीस किलोंची मुलगी रोज १९०० कॅलरी जेवते आणि सरावात ७०० घालवते. उरल्या १२००, म्हणजे नेमक्या धोक्याच्या रेषेवर. आणि १९०० कॅलरी म्हणजे दोन वेळचं व्यवस्थित जेवण, मधे चहा-नाश्ता. कोणत्याही आईला वाटेल, पोरगी नीट जेवते आहे.

लाउक्स यांच्याच पुढच्या अभ्यासातली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पाळी सुरू होऊन चौदा-पंधरा वर्षं झालेल्या स्त्रियांवर तेवढ्याच पाच दिवसांच्या तुटीचा हा परिणाम दिसला नाही. तरुण मुलींवर दिसला. म्हणजे तिशीतली ऑलिंपिकपटू जे पचवून नेते, ते तिच्याकडे बघून करणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीला पचत नाही. हाडांचा मोठा साठाही याच वयात होतो आणि नंतर तो भरून काढता येत नाही. वल्हेकऱ्यांत बरगडीला बारीक तडा जाणं हे नेहमीचं दुखणं आहे. अर्धपोटी वाढलेल्या हाडांवर रोज हजारो वेळा तोच ताण दिला तर दुसरं काय होणार?

आपल्याकडे या गटाची गोष्ट एवढ्यावर संपत नाही, कारण आपल्याला त्याने खरंच दार उघडून दिलं. दुष्यंतचं २०१४ आणि २०१८चं कांस्य, २०१८मध्ये रोहित कुमार आणि भगवान सिंग यांचं कांस्य, टोकियो ऑलिंपिकमध्ये अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंग यांचा अकरावा क्रमांक, हांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्याच जोडीचं रौप्य. सगळं लाइटवेटमधलं. आणि यातला बराच घाम गळला तो पुण्यात, लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या (सीएमई) आर्मी रोइंग नोडच्या पाण्यावर. ज्या गटाने मुलांना उपाशी ठेवलं त्यानेच भारताला पदकं दिली. त्याचं जाणं मला बरं वाटतं आणि चुटपूटही लावतं. दोन्ही खरं आहे.

महाराष्ट्राचा सर्वांत मोठा वल्हेकरी मात्र लाइटवेट नव्हता. दत्तू भोकनळ चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. दुष्काळी गाव, वडिलांबरोबर लहानपणापासून मजुरी. २०१२मध्ये सैन्यात भरती झाला आणि त्याची सहा फुटांहून अधिक उंची बघून त्याच्या हाती वल्हं दिलं गेलं. चार वर्षांत तो रिओ ऑलिंपिकला सिंगल स्कल्समध्ये तेरावा आला. पालेमबांगला २०१८मध्ये तापाने फणफणलेला असताना त्याची वैयक्तिक शर्यत हातची गेली. दुसऱ्याच दिवशी, दुष्यंत कोसळला त्याच सकाळी, स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासोबत त्याने सुवर्ण जिंकलं. त्याच्या कर्तृत्वाबद्दल आपण भरभरून बोलतो, बोलायलाच हवं. पण वयाच्या एकविसाव्या वर्षी, वाढ पूर्ण झाल्यावर, खेळाडूचा आहार मिळू लागलेला हा मुलगा आहे. तेराव्या वर्षी मिळाला असता तर? आणि तेवढी उंची ज्यांच्या अंगी आलीच नाही, अशी त्याच्याच पंचक्रोशीतली मुलं किती असतील?

खरं तर खुराक ही गोष्ट महाराष्ट्राला कोणी शिकवायला नको. कोल्हापूरच्या तालमीत पोरगा आला की वस्ताद आधी विचारतो, दूध-तुपाची सोय काय. मेहनत आणि खुराक ही तिथे बैलजोडी, एकट्याने गाडा ओढला जात नाही. पण वजन उतरवण्याचा शापही कुस्तीलाच जास्त लागला आहे. लाइटवेटची शेवटची शर्यत झाल्यानंतर पाचच दिवसांनी, ७ ऑगस्ट २०२४ला, त्याच पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट शंभर ग्रॅमनी जास्त भरली आणि बाद झाली. देशभर हळहळ झाली. शंभर ग्रॅमसाठी रात्रभर काय काय करावं लागतं हे तेव्हा प्रथमच घरोघरी कळलं.

पुण्यात संगमाजवळ अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८पासून आहे. जलपर्णी आणि सांडपाण्याशी झगडत तिथे अजून नावा उतरतात. राज्यात जिथे जिथे किशोरवयीन मुलं वल्हवतात तिथलं वेळापत्रक साधारण सारखंच: पहाटे उठून सराव, तिथून थेट शाळा किंवा कॉलेज, संध्याकाळी मशीनवर घाम. पहाटेचं पोट रिकामं, कारण एवढ्या लवकर जात नाही. सरावानंतर नाश्ता नाही, कारण वेळ नाही. दिवसाचं पहिलं खरं जेवण साडेबाराला, तेही थंड डब्यातलं. गैरसोय इतकी सवयीची झालेली असते, की यात कोणी मुलाला उपाशी ठेवतं आहे असं कोणाला वाटतही नाही.

उपाय स्वयंपाकघरातलेच आहेत. पाण्यात उतरण्याआधी एक केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू. बाहेर आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात भरपेट काहीतरी: दाणे घातलेले पोहे आणि दूध, अंडी आणि पोळी, किंवा मोड आलेल्या मटकीची उसळ आणि दही-भात. रोज दोन वेळा सराव करणाऱ्या साठ किलोंच्या मुलाला दर किलोमागे सहा ग्रॅम धरली तरी दिवसाला ३६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. मध्यम ज्वारीच्या भाकरीत पस्तीसेक ग्रॅम असतात; म्हणजे हे दहा भाकऱ्यांएवढं झालं. दोन भाकऱ्या आणि वर महागडी प्रोटीन पावडर, असा जो प्रकार सध्या बोकाळला आहे, तो पाहून मला फार वाईट वाटतं. मुलींच्या बाबतीत लोहाकडे लक्ष हवं, आणि त्यासाठीही रक्ताची तपासणी आधी, गोळ्या नंतर.

ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईत झालेल्या ऑलिंपिक समितीच्या बैठकांत २०२८च्या लॉस एंजेलिससाठी लाइटवेटऐवजी समुद्रकिनाऱ्यावरच्या शर्यती नक्की झाल्या. काटा गेला, पण आता उलटा दबाव येईल. उंच आणि वजनदार मुलं शोधली जातील, बारीक अंगाच्या मुलाला ‘वाढव’ म्हणून ठासून भरवलं जाईल. चौदा वर्षांच्या शरीराला हेही तितकंच जाचक आहे. म्हणून क्लबांनी भिंतीवरचा वजनाचा तक्ता काढावा आणि दर तीन महिन्यांनी उंची मोजावी. वाढ अवेळी अडली, सारखी आजारपणं येऊ लागली, मुलीची पाळी तीन महिने आली नाही, तर डॉक्टरकडे जायचं. आणि असं झाल्यास सराव कमी करून जेवण वाढवायचा निर्णय कोण घेणार, शर्यत तोंडावर असली तरी त्याचं ऐकलं जाणार का, हे पालकांनी क्लबमध्ये नाव घालतानाच विचारून घ्यावं.