ब्राउझरचा दिंडी दरवाजा

सवाई जयसिंगाने १७२७ मध्ये वसविलेल्या जयपूरला तट आहे आणि त्या तटाला चांदपोल, सूरजपोल यांसारखे दरवाजे आहेत. तटाचे कार्य केवळ अडविण्याचे नसते. कोणी कोठून आत यावे हेही तो ठरवितो. संगणकातील ब्राउझरचे असेच आहे. दुरून आलेले पान त्याने दाखवावे. परंतु त्या पानाने आपल्या संगणकातील कागदपत्रांना वा उपकरणांना परस्पर हात लावू नये, असा नियम आहे.

काही कामे मात्र या नियमात बसत नाहीत. जयपूरचा एखादा कंत्राटदार राजस्थान शासनाच्या ई-निविदा संकेतस्थळावर निविदा भरतो, तेव्हा त्याला डिजिटल स्वाक्षरी करावी लागते. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाने या स्वाक्षरीस मान्यता दिली. तिची गुप्त किल्ली यूएसबी टोकनमध्ये असते. पानाने त्या टोकनपर्यंत पोहोचावे कसे? यासाठी अनेक वर्षे जावा ॲप्लेट वापरीत. ब्राउझरला जोडलेल्या प्लग-इनमध्ये हा लहानसा प्रोग्रॅम चाले आणि वापरणाऱ्याच्या अनुमतीने, जणू दिंडी दरवाजातून, टोकनपर्यंत जाऊन स्वाक्षरी करवून घेई.

कचेरीतील प्रोग्रॅम दुरून वापरण्याचीही हीच वाट होती. सिट्रिक्ससारख्या कंपन्यांच्या प्लग-इनमुळे प्रोग्रॅम दूरच्या संगणकावरच चाले; इकडे केवळ त्याच्या पडद्याचे चित्र येई आणि तिकडे कळफलकाचे व माउसचे संकेत जात.

परंतु दिंडीतून मित्र येतो, तसा चोरही येतो. प्लग-इनमधील एखाद्या दोषामुळे सारा संगणक परक्याच्या हाती जाऊ शके. म्हणून फ्लॅशचा अपवाद सोडून जुन्या पद्धतीची प्लग-इन क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये बंद केली. २०२० च्या अखेरीस फ्लॅशचाही शेवट झाला. इंटरनेट एक्स्प्लोरर जून २०२२ मध्ये निवृत्त झाला.

यातून एक पेच उद्भवला. निविदेची मुदत ठरल्या वेळी संपतेच. जेथे ॲप्लेटवाचून स्वाक्षरी होत नसे, तेथे जुना ब्राउझर जपून ठेवावा तर धोका, आणि काढून टाकावा तर काम अडे. आता स्वाक्षरीसाठी ब्राउझरबाहेरचा स्वतंत्र प्रोग्रॅम असतो. दूरचे प्रोग्रॅमही बहुधा प्लग-इनवाचून उघडतात, कारण चित्रे रेखाटण्याची व सतत संवाद साधण्याची शक्ती एचटीएमएल-५ च्या काळात ब्राउझरमध्येच आली.

सार्वजनिक कामाची वाट एखाद्या कंपनीच्या उत्पादनाच्या आयुष्याशी बांधलेली नसावी, सर्वमान्य प्रमाणांवर आधारलेली असावी, हाच याचा बोध होय.