दुनळी बंदुकीची दोन तोंडे

घडियाळी पोळीसारख्या बडोद्याच्या जुन्या वस्तीत एखाद्या मराठी घरी आजोबांच्या काळची, परवान्याची दुनळी बंदूक असली, तर घरातले कोणीतरी सहज सांगेल, "डावी नळी अधिक जोराने मारते." डाव्या नळीचा मार बहुधा लांबवर उपयोगी पडतो, हे खरे, पण त्याचे कारण जोर नव्हे.

प्रथम 'बारा बोअर' म्हणजे काय ते पाहू. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यांतील एक जिच्यात बरोबर बसेल ती नळी बारा बोअरची. तिचा आतील व्यास सुमारे ०.७२९ इंच असतो. काही नळ्या तोंडाजवळ किंचित अरुंद केलेल्या असतात. यालाच 'चोक' म्हणतात. पूर्ण चोकमध्ये ही घट सुमारे ४० सहस्रांश इंच, म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर असते. छऱ्यांचा वेग त्यामुळे फारसा बदलत नाही. बदलतो तो त्यांचा फैलाव.

बर्मिंगहॅमचे बंदूक-कारागीर डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांनी ही पद्धत लोकप्रिय केली. १८७५ मध्ये लंडनच्या 'फील्ड' साप्ताहिकाने घेतलेल्या चाचण्यांत त्यांच्या चोक-नळ्या सरस ठरल्या. त्याच वर्षी बडोद्यात बालवयीन सयाजीराव (तिसरे) गादीवर आले.

फैलाव मोजण्याची रीत सोपी आहे. ४० यार्डांवरून मोठ्या कागदावर बार काढायचा, छरे जेथे दाट पडले तेथे ३० इंच व्यासाचे वर्तुळ आखायचे आणि आतील भोके मोजायची. पूर्ण चोकच्या नळीचे सुमारे ७० टक्के छरे वर्तुळात पडतात, तर सरळ नळीचे सुमारे ४० टक्के. काडतुसात ३०० छरे धरले, तर एकीचे २१० आणि दुसरीचे १२०. मात्र एका बारावरून निष्कर्ष काढू नये; चार-पाच बारांची सरासरी घ्यावी.

दोन नळ्यांचा हेतू आता ध्यानात येईल. पक्षी उठताच, तो जवळ असताना, पुढच्या चापाने उजवी, मोकळी नळी उडवायची. तो दूर गेला की मागच्या चापाने डावी, चोकची. जवळच्या अंतरावर दाट मारा नेम चुकवण्यासच मदत करतो. म्हणून 'चोक जितका अधिक तितकी बंदूक चांगली' हा समज चुकीचा आहे.

हे ज्ञान केवळ कुतूहलाचे नाही. चोक-नळीतून घट्ट बसणारी शिशाची अखंड गोळी झाडली, तर नळी फुगण्याचा वा फाटण्याचा धोका असतो. म्हणूनच १८७५ च्या नियमांनुसार इंग्लंडमध्ये अशा नळ्यांवर 'गोळीसाठी नव्हे' असा इंग्रजी ठसा मारीत. १८८७ पासून 'चोक' हा ठसा आला. पण ठशावरही विसंबू नये. पुढे कोणी नळीचे टोक कापले असेल, तर ठसा राहतो, चोक जातो. शिवाय पट्ट्या पिळून घडवलेल्या जुन्या 'दमास्कस' नळ्या मुख्यतः काळ्या दारूच्या काळातील. त्यांत आजचे काडतूस घालणे जिवावर बेतू शकते. परवानाधारक जाणकाराने नळीची आतून मोजणी करून तपासल्याशिवाय अशी बंदूक झाडूच नये.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे ते दिवस सरले. पण मातीच्या उडत्या चकत्यांच्या नेमबाजीत चोकचे हेच गणित चालते. २००४ साली अथेन्सला राज्यवर्धनसिंह राठोड यांनी रौप्यपदक मिळवले, ते अशाच दुहेरी चकत्यांच्या स्पर्धेत. बंदुकीविषयी घरात जे ऐकले ते कागदावर मोजून पाहावे. कागद भीड धरीत नाही.