घंटेच्या आधी

चर्रर्र. नऊ वर्षांचा पोरगा भिंतीवरच्या पट्टीवर चिकटवलेलं प्रार्थनेचं चित्र ओढून काढतो आणि खालच्या डब्यात टाकतो. प्रार्थना संपली. पुढचं चित्र दोन वाट्यांचं. दिवसभरात काय काय व्हायचंय ते पट्टीवर वरून खाली लावलेलं असतं. न सांगता त्यात अदलाबदल झाली, तर तो जमिनीवर डोकं आपटतो.

तूर आणि हरभरा वेगळे करायचेत. तो करतो, पण वाटीत टाकत नाही. सतरंजीच्या काठाला धरून एकेक दाणा मांडत जातो. आधी तूर, मग हरभरा. रांग माझ्या अंगठ्यापाशी येते. मी पाय मागे घेतो, रांग पुढे सरकते.

"निवडलं ना त्यानं?" मॅडम म्हणतात. "वाटीचं उद्या बघू."

खोलीत आणखी सहा मुलं आहेत. एकीच्या घरी गोंडी, एकाच्या घरी तेलुगू. तेलंगणातलं आदिलाबाद किनवटहून लांब नाही. या पोराच्या बंजारा तांड्यावर गोरमाटी. इथलं खरं अवघड काम हेच आहे. कुठलं मूल मराठी येत नाही म्हणून गप्प आहे आणि कुठलं स्वमग्न आहे म्हणून, हे ओळखण्यातच महिने जातात, असं मॅडम सांगतात. चित्राला मात्र कुठलीच भाषा लागत नाही.

आजी दाराशी बसलीय. तिच्या पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं पोराचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र आहे. १९९५च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचं नावच नव्हतं. २०१६च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत ते आलं. तो जड शब्द आजीच्या तोंडात बसत नाही. "आपल्याच नादात ऱ्हातंय," ती म्हणते. मला तिचंच बरं वाटतं.

बाहेर शिपाई टांगलेल्या रुळाच्या तुकड्याकडे निघतो. मॅडम घाईनं घंटेचं चित्र पोरासमोर धरतात. तो दोन्ही कान दाबतो, डोळे घट्ट मिटतो आणि थांबतो.

टण्ण. टण्ण.

हात हळूहळू खाली येतात. तो उठून पट्टीपाशी जातो. चर्रर्र. या वेळी पेल्याचं चित्र. ते तो मॅडमना देत नाही, आजीलाही नाही. माझ्याकडे न बघताच माझ्या हातात ठेवतो.

माठ माझ्याच पाठीमागे आहे.