घरी बांधलेले विमान आणि वीज वाहणारा गोंद

ज्या मंडळींनी गिरणीत काम केले आहे त्यांना ठाऊक आहे की, हवा कोरडी पडली म्हणजे धागे घर्षणाच्या विजेने भारतात, फुलारतात आणि तुटतात. म्हणून खात्यात हवा ओलसर ठेवतात. हीच वीज विमानावरही साचते. मात्र तेथे हवा ओली करण्याची सोय नाही.

अमेरिकेत हौशी माणसे आपल्या मोटारखान्यात विमान बांधतात. निम्म्याहून अधिक बांधणी हौशी हातांनी झालेली असली म्हणजे कायद्याची हरकत नसते. 1975 साली बर्ट रुटान यांचे ‘व्हेरीईझी’ उडाले आणि फोम, काचतंतू व इपॉक्सी राळ यांची विमाने लोकप्रिय झाली. वजनाला हलकी, अंगाने गुळगुळीत. पण काचतंतू व राळ, दोन्ही वीज अडवणारी. ॲल्युमिनियमच्या विमानावर पाऊस, धूळ, हिमकण घासून आलेला भार सर्व पत्र्यावर पसरतो आणि पंखांच्या मागल्या कडेच्या बारीक दांड्यांतून हवेत निघून जातो. काचतंतूंवर तो जागीच साचतो. मग ठिणग्या उडतात, आणि ढगात रेडिओची खरी गरज असते नेमकी तेव्हाच त्यात खरखर सुरू होते.

याहून नाजूक जागा म्हणजे पेट्रोलच्या टाकीचे तोंड. तेथील धातूचे कडे राळेत एकटे पडलेले असते, आणि वाहत्या पेट्रोलमुळेही भार निर्माण होतो. पेट्रोलची वाफ व हवा योग्य प्रमाणात मिसळली असेल तर ती पेटण्यास सुमारे पाव मिलिज्यूल ऊर्जा पुरते. बोटाला जाणवणारी ठिणगी बहुधा याहून मोठी असते. तेव्हा ‘मला तर काही झटका बसला नाही’ या साक्षीला अर्थ नाही. अपघातांच्या चौकशीत ती मी पुष्कळदा ऐकली आहे!

या कड्यापासून इंजिनाच्या धातूपर्यंत वाट करून द्यावी लागते. राळेला डाग देता येत नाही, ती उष्णतेने बिघडते. म्हणून वाहक गोंद. इपॉक्सीत चांदीचे पापुद्रे किंवा ग्रॅफाइटची भुकटी इतकी मिसळतात की कणाला कण टेकून सलग साखळी होते. कण जरा कमी पडले की वाहकता हळूहळू नव्हे, एकदम कोसळते. चांदी महाग, म्हणून हिशेब करावा. हा प्रवाह मायक्रोअँपिअरांत मोजायचा. एक मायक्रोअँपिअर दहा लाख ओहमांच्या वाटेने गेला, तरी दाब फक्त एक व्होल्ट! भार झिरपून जाण्यास ग्रॅफाइटची गरीब वाट पुरते. फक्त ओलाव्यात ग्रॅफाइटच्या संगतीने ॲल्युमिनियम झिजते. तो जोड वरून बंद करावा. ॲल्युमिनियम गोंद लावण्याच्या अगदी आधी घासावे, कारण त्यावर चढणारा ऑक्साइडचा थर वीज अडवतो. जोड वाळल्यावर मीटर लावून पाहावे. पेट्रोल भरताना पंपाची तार इंजिनाच्या धातूला आधी जोडावी, झाकण मग उघडावे.

आकाशातल्या विजेचा प्रवाह दोन लाख अँपिअरपर्यंत जाऊ शकतो; तिच्यापुढे हा गोंद काहीच नाही.

आणि हातमोजे घालावेत. इपॉक्सी कडक करणारे द्रव्य वारंवार कातडीला लागले की काहींना ते सोसेनासे होते, आणि मग थोड्या स्पर्शानेही अंगावर पुरळ उठते.