चूल, मोरी आणि परसबाग

भीमा आणि नीरा या नद्यांच्या संगमावर वसलेले इंदापूर तालुक्यातील नरसिंहपूर हे पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचे तीर्थक्षेत्र होय. कालव्याच्या पाण्याने बारामती-इंदापूर परिसरातील शेतीचा कायापालट झाला. घरातील चूल आणि परस यांकडेही तितकेच लक्ष पुरविणे अगत्याचे आहे.

चुलीचा धूर गृहिणीच्या व बालकांच्या फुप्फुसांना अपाय करतो. त्यावर उपाय म्हणून केंद्र शासनाने १९८३ साली सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. २०१६ साली उज्ज्वला योजना आली. तथापि पाणी तापविण्यासाठी अनेक घरांत आजही चूल पेटते. अशा चुलीस छपराबाहेर जाणारे धुराडे बसवावे आणि त्यातील काजळी वेळोवेळी काढावी.

मोरीचे पाणी अंगणात साचले की डासांची पैदास होते. मुरमाड जमिनीत एक मीटर लांब, रुंद व खोल शोषखड्डा खणून तो दगडगोट्यांनी भरावा. विहिरीपासून तो किमान १५ मीटर दूर असावा. काळ्या, चिकण जमिनीत मात्र पाणी लवकर जिरत नाही. तेथे चर काढून ते केळी व कर्दळीस द्यावे. मेथी, पालक यांसारख्या पालेभाज्यांना साबणाचे पाणी घालू नये. कुंपणालगत शेवगा, कढीपत्ता लावल्यास जागा वाया जात नाही.

ग्रामपंचायतीने कुशल गवंडी मिळवून दिला आणि शिक्षकांनी शाळेच्या आवारात नमुन्याची परसबाग फुलविली, तर अल्प खर्चात घराघरांतील धूर हटेल व ताटात ताजी भाजी येईल.